नोव्हेंबरातलं दूध, मे महिन्यातलं दही

मंडळी, आजच्या विषयाचं नाव पत्रिकेत फार जड छापलंय : ‘उत्पादन, साठा आणि वितरण यांचं एकत्रित नियोजन’. मी आपलं दुधावर बोलतो, त्यात सगळं येतं.

1950 च्या सुमाराला गुजरातेतल्या आणंदचं म्हशीचं दूध रेल्वेने मुंबईला यायचं, ‘बॉम्बे मिल्क स्कीम’ या सरकारी दूधपुरवठा योजनेसाठी. म्हैस हिवाळ्यात उन्हाळ्याच्या दुपटीहून जास्त दूध देते. मुंबईकर मात्र डिसेंबरात दुप्पट चहा पीत नाही. स्कीम जादा दूध उचलेना. गाड्या वाढवून हा प्रश्न सुटणारा नव्हता. म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही, असं परदेशी तज्ज्ञ सांगत होते. आणंदचे दुग्धतंत्रज्ञ हरिचंद दलाया यांनी ती करून दाखवली आणि 31 ऑक्टोबर 1955 ला आणंदच्या कारखान्याचं उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झालं.

पावडर म्हणजे उरलेल्या दुधाची विल्हेवाट, असं आजही पुष्कळ जण धरून चालतात. माझ्या लेखी ती मे महिन्यातल्या दह्याची बेगमी आहे, पुष्ट काळात, म्हणजे हिवाळ्यात दूध भरपूर असताना, करून ठेवलेली.

आता हिशेब बघा. गाईचं हजार लिटर दूध, फॅट साडेतीन टक्के, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) साडेआठ टक्के. त्यातून नव्वद किलोच्या आत-बाहेर पावडर आणि चाळीस-बेचाळीस किलो लोणी निघतं. बाकी पाणी. ते उडवायला इंधन लागतं आणि कृश काळात, म्हणजे उन्हाळ्यात दूध आटतं तेव्हा, तेवढंच पाणी आपण परत घालतो! वेडेपणा वाटतो. पण दहा हजार लिटरच्या टँकरचा माल एका छोट्या टेम्पोत मावतो आणि महिनोन्‌महिने टिकतो. म्हणजे ड्रायर, दुधाची पावडर करणारं यंत्र, कुठे बसवायचा, हा वाहतुकीचाही प्रश्न झाला.

एका डेअरीत मी जे पाहिलं ते सांगतो. संकलनवाल्याला गावचा एकही कॅन परत पाठवायचा नव्हता. प्लँटवाल्याला, एकदा पेटवलेला ड्रायर धुलाईची वेळ येईपर्यंत थांबवायचा नव्हता. वितरणवाल्याचं लक्ष कोजागिरीवर, त्या रात्री पिशवी कमी पडली तर एजंट वर्षभर ऐकवतात. आणि लेखा विभागाला 31 मार्चला गोदाम रिकामं हवं होतं, ताळेबंदात पैसा अडकलेला दिसू नये म्हणून. त्यांनी मार्चमध्ये पावडर मिळेल त्या भावाने काढली. मे महिन्यात दह्याला दूध कमी पडलं, तेव्हा तीच पावडर बाजारातून चढ्या भावाने आणली. चौघांनीही आपापलं काम चोख केलं होतं. आर्थिक वर्ष संपतं नेमकं कृश काळाच्या तोंडावर, हे त्यांतल्या कुणाच्याच कागदावर नव्हतं.

यावर उपाय म्हणजे सगळं एकाच गणितात मांडायचं. प्रत्येक महिन्याला किती लिटर पिशवीत, किती ड्रायरला, पावडर-लोणी किती शिल्लक, कुठल्या प्लँटचं दूध कुठल्या शहराला. या महिन्याची अखेरची शिल्लक हीच पुढच्या महिन्याची आरंभीची शिल्लक, ही एक साधी ओळ बारा महिने एकमेकांना बांधते. याला लिनियर प्रोग्रॅमिंग म्हणतात. ड्रायर पेटवायचा की नाही, असे हो-नाहीचे प्रश्न घुसले की ते जरा चिवट होतं, पण आजचा संगणक त्याला पुरून उरतो. मला त्यातली सगळ्यांत आवडती गोष्ट वेगळीच आहे : उत्तराबरोबर ते हेही सांगतं, की डिसेंबरात ड्रायरचा आणखी एक तास मिळाला असता तर किती रुपये वाचले असते. मग शेजारच्या दूध संघाचा ड्रायर भाड्याने घ्यायचा का, यावर भांडण उरत नाही. निदान कमी होतं.

गणितात एक आकडा मात्र बाहेरून येतो, पावडरचा भाव. 2018 मध्ये तो जागतिक बाजारात पडलेला होता आणि गोदामं तुंबली होती. पावडरवाल्यांनी दूध खरेदीत हात आखडता घेतला. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा खरेदीदर लिटरला 20 रुपयांच्या खाली गेला आणि जुलैमध्ये दूध रस्त्यावर ओतलं गेलं. शहरातल्या पिशवीचा भाव तेव्हा होता तिथेच होता.