दोन मिनिटं हं, काका!

(दृश्य: ढगाळ, मंद उजेड, बारीक पाऊस. पुण्यातल्या धायरी फाट्याजवळ उभी असलेली शाळेची रिक्षा.)

सकाळचे सहा वाजून पाच मिनिटं झालीत. काका चिमूटभर तंबाखू तळहातावर घेतात आणि रिक्षाच्या पुढच्या काचेवर चोळतात. खायची नाही, काचेला लावायची. मग थेंब काचेवर ठरत नाहीत, घसरून जातात. वायपर आहे, पण त्याच्यावर त्यांचा भरवसा नाही.

जूनचा तिसरा आठवडा चालू आहे. शाळा उघडून चारच दिवस झालेत.

मागच्या सीटसमोर एक आडवी फळी बसवलेली आहे, मुलांसाठी. बाहेरच्या बाजूला लोखंडी आकडे आहेत, दप्तरांसाठी. कडेला प्लॅस्टिकचा पडदा गुंडाळून ठेवलाय. मुलं सात. नियमात किती बसतात, हे काकांना विचारायचं नसतं आणि त्यांनी सांगायचं नसतं. गेली बावीस वर्षं हे असंच चाललंय. पालक बदलले, रिक्षा दोनदा बदलली, फळी मात्र तीच आहे.

सहा दहा. पहिलं घर. हॉर्न दोनदा वाजतो. तिसऱ्या मजल्यावर खिडकी उघडते.

"काका, दोनच मिनिटं हं!"

"ताई, तुमची दोन मिनिटं सातांनी गुणा."

हा हिशेब सगळ्या पालकांना पटतो, फक्त स्वतःच्या दारात पटत नाही. पहिल्या घरी बूट सापडत नाही. दुसऱ्या घरी डब्याची पोळी अजून तव्यावर आहे. तिसऱ्या घरातला मुलगा पहिलीतला. त्याला शाळेतच जायचं नाही, आणि रिक्षात तर नाहीच नाही. काका खिशातून लिमलेटची गोळी काढतात. गोळी तो घेतो, रिक्षात मात्र बसत नाही. शेवटी आजोबा पुढं काकांच्या शेजारी बसतात आणि गल्लीच्या टोकापर्यंत येतात.

(दृश्य: सिंहगड रस्ता. एका सोसायटीच्या फाटकाशी छत्री घेऊन उभी असलेली मुलगी.)

ही सातवी. सातवीत शिकते आणि रिक्षात चढायला नंबरही सातवा. सहा पस्तीसला येऊन उभी राहते, रोज, वेळेवर. सगळ्यांच्या घरची दोन-दोन मिनिटं हिच्या अंगावर पाऊस होऊन पडतात. शाळेतल्या उशिराच्या वहीत नाव लागलं, तर त्यात हिचंही लागणार. तिथं कारण लिहायला रकाना नसतो.

(दृश्य: दांडेकर पूल ओलांडून पेठांकडं वळणारी वाहनं.)

आता एक साधा प्रश्न पडतो. धायरीतली मुलं एवढ्या पहाटे सदाशिव पेठेत का निघालीत? तिकडं शाळा नाहीत का? आहेत की, हव्या तेवढ्या. पण या रिक्षातल्या तिघांचे वडील याच शाळेत होते. एकाचे आजोबाही होते.

पुण्याच्या पेठांमधल्या शाळा जुन्या आहेत. न्यू इंग्लिश स्कूल १८८० चं, नूतन मराठी विद्यालय १८८३ चं. १८८४ साली सुरू झालेली मुलींची शाळा पुढं पेशव्यांच्या पागेच्या जागेत आली, म्हणून तिचं नाव हुजूरपागा. या शाळा निघाल्या तेव्हा मुलं आसपासच्या वाड्यांतून यायची, चालत. घंटा झाली की घरातून निघालं तरी चालायचं, असं जुनी माणसं सांगतात, आणि ती अगदीच थाप नसावी.

मग माणसं पांगली. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं. नदीकाठच्या पेठांतली घरं वाहून गेली, आणि कितीतरी कुटुंबं लोकमान्यनगर, सहकारनगर, गोखलेनगरकडं गेली. पुढं वाडे पडू लागले. भावाभावांच्या वाटण्या झाल्या. कोणी कोथरूडला गेलं, कोणी सिंहगड रस्त्याला. शाळा जागच्या जागी राहिल्या. आणि घर बदललं म्हणून शाळा बदलायची, हे पुणेकराला एकदम कसं जमणार? म्हणून ज्या शाळेत आजोबा चालत जायचे आणि वडील सायकलवर जायचे, तिथं पोचायला नातवाला आता तास लागतो.

वाहतूक कोंडी म्हटलं की आपण रस्ता अरुंद म्हणतो, वाहनं फार म्हणतो. दोन्ही खरं आहे. आरटीओकडं नोंदलेल्या वाहनांनी शहराच्या लोकसंख्येला गाठून मागं टाकल्याच्या बातम्या २०१८ मध्येच आल्या होत्या. पण तोच रस्ता आणि तीच वाहनं असताना ऑगस्टमध्ये हीच गल्ली बऱ्यापैकी वाहते. मग जूनमध्येच का तुंबते?

(दृश्य: शाळेची गल्ली. सहा अठ्ठावन्न. घंटागाडी, मागं रांग.)

गल्लीच्या तोंडाशी घंटागाडी उभी आहे. तिचीही हीच वेळ. एका बाजूला पावसाळ्यापूर्वी पूर्ण व्हायची खोदाई आहे, अर्थातच पावसाळ्यात चाललेली. पण जरा फाटकापाशी बघा.

एक आई दुचाकी थांबवते. पुढं उभा असलेला धाकटा आधी उतरवायचा, तो घट्ट धरून बसलाय. मागची मोठी उतरते. हेल्मेटचा पट्टा अडकतो. रेनकोट काढायचा, कारण ओला रेनकोट वर्गात नेऊ देत नाहीत. तो झटकायचा, घडी घालायची, डिकीत टाकायचा. डिकी उघडायला किल्ली काढायची, म्हणजे गाडी बंद करायची. डिकीतून डबा काढायचा. मग केस नीट करायचे. आणि मग ती पाठमोरी फाटकातून आत जाईपर्यंत बघत उभं राहायचं. वळून बघेल म्हणून.

चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याला हेल्मेट आणि पट्टा हवा, वेग ताशी चाळीसच्या आत हवा, असा नियम २०२३ पासून लागू आहे. वेगाचा भाग या गल्लीत सगळेच पाळतात.

एका मुलाला उतरवायला दीड मिनिट धरू. फाटकासमोर जागा तिघांची. म्हणजे दहा मिनिटांत वीस मुलं. हेच काम वीस सेकंदांत झालं, तर दहा मिनिटांत नव्वद. जून आणि ऑगस्टमध्ये फरक असेल तर तो एवढाच. तोवर रेनकोट आपला आपण काढता येतो, डबा आधीच दप्तरात गेलेला असतो, आणि वळून बघायची गरज दोघांनाही उरलेली नसते.

शिपाईमामा रोज ओरडून सांगतात, कोपऱ्यावर उतरवा, पन्नास पावलं चालू द्या. सगळे मान हलवतात आणि फाटकापर्यंत येतात. चारचाकीवाले तर आधी. खरं सांगायचं तर आमचा कॅमेरामनही पहिल्या दिवशी फाटकासमोरच उतरला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनानं ठरवलं, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत. मुलांची झोप पुरी व्हावी, हा हेतू. राज्यपालांनी त्याच्या आधीच्या डिसेंबरात तशी सूचना केली होती. झोपेच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. पण एकाच इमारतीत सकाळ-दुपार अशा दोन पाळ्या भरवणाऱ्या शाळांना वर्ग सरकवायला जागा कुठली, आणि नऊला हीच गल्ली ऑफिसवाल्यांची असते. काकांचं मत विचारलं. ते म्हणाले, "मला तीन घरी नवाची शाळा आणि चार घरी सातची दिली, तर मी रिक्षा चालवू की हजेरी घेऊ?"

(दृश्य: सात नऊ. फाटकातून दिसणारं पटांगण, ओळीत उभी मुलं.)

दुसरी घंटा झाली. काकांची रिक्षा रांगेत सहावी आहे. सातवीतली मुलगी मागून म्हणते, "काका, इथंच उतरू?" काका आरशात बघतात, मग मागच्या दुचाकीला हात करून थांबवतात. "उतर. पळू नको, घसरशील." सातही जण उतरतात. पहिलीतल्याचा हात तिनं धरलाय. अजून दोघांनाही न पटलेली व्यवस्था आहे ती.

फाटकापासून दहा पावलांवर असताना आत राष्ट्रगीत सुरू होतं.

मुलं आहेत तिथं उभी राहतात. एक पाय डबक्यात असेल तर तोही तिथंच. शिपाईमामा फाटकाचा कोयंडा हातात धरून सावधान. छत्री धरलेली आई, खांद्यावर कॅन घेतलेला दूधवाला, सगळे थांबतात. काका इंजिन बंद करून उतरतात आणि रिक्षाशेजारी ताठ उभे राहतात. बावन्न सेकंद गल्लीत फक्त पाऊस वाजतो.

राष्ट्रगीत संपतं. मामा फाटक लोटायला लागतात. मोठी मुलगी पहिलीतल्याला जवळजवळ उचलूनच आत नेते. तो वळून बघत नाही. बघायला कोणी आलेलंही नाही.

काका रिक्षात बसतात. किल्ली फिरवतात. आणि त्यांचं लक्ष बाहेरच्या आकड्याकडं जातं. सात दप्तरं गेलीत, पण एक निळी पाण्याची बाटली तिथंच लटकतेय. झाकणाला दोरा, दोऱ्याला नावाची चिठ्ठी. पहिलीतल्याची.

ते किल्ली काढून घेतात. बाटली हातात घेऊन फाटकाकडं चालू लागतात. रिक्षा गल्लीच्या मधोमध. मागून हॉर्न सुरू होतात, आधी एक, मग चार, मग सगळेच.

काका वळून न बघता हात वर करतात.

"दोन मिनिटं हो!"