घरच्यांसाठी तारली

मालवणच्या बाजारात पाहुण्यांसाठी सुरमई घेतात, घरच्यांसाठी तारली. सुरमईचे तुकडे मोजून घ्यायचे. तारलीचा वाटा पिशवीत ओतायचा, आणि वर "आणखी दोन घाल गे" म्हणायचं.

ही बघा. जेमतेम वीतभर. पाठ निळसर हिरवी, पोट चंदेरी. खवले इतके सैल, की अंगठा फिरवला तरी हाताला चिकटतात. डोकं मोडून ओढलं की आतडंही सोबत निघतं.

हिचं अंग भरतं ते पावसामुळे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाहेर सरतं आणि तळाचं गार, कसदार पाणी वर येतं. केरळ-कर्नाटकाकडे हे जास्त घडतं. त्या पाण्यात प्लवक (तरंगणारे सूक्ष्म जीव) माजतं, आणि तेच तारलीचं खाणं. पावसाळा सरताना ती एवढी माजलेली असते, की तव्यावर स्वतःचंच तेल सोडते.

तरी तळण्यापेक्षा तिखलंच करावं. हळद, लाल तिखट, आमसुलं आणि ठेचलेली तिरफळं. खोबरं नको, पाणीही बेताचंच. तिरफळाने तारलीचा उग्र वास मरतो. आणि खरी चव दुसऱ्या दिवशीच्या शिळ्या तिखल्याला, उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर.

तारली थव्याने फिरते, म्हणून स्वस्त. पूर्वी थवा किनाऱ्याशी आला की रापण लागायची. होडीतून जाळं अर्धगोल टाकायचं, दोन्ही टोकं वाळूवरून माणसांनी ओढायची. दोराला हात लावणाऱ्या आगंतुकालाही चार मासे मिळत. पर्ससीनची जाळी आली, तसा अख्खा थवा खोल पाण्यातच घेरला जाऊ लागला. 2016 मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले. रापणवाले आणि पर्ससीनवाले यांचं भांडण मात्र मिटलेलं नाही.

पण तारली घटण्याचा सगळा दोष जाळ्यांच्या माथी मारता येत नाही. केरळात 2012 साली जवळपास 4 लाख टन तारली मिळाली होती; 2021 मध्ये साडेतीन हजार टनही नाही. समुद्राचं तापमान आणि एल निनो यांचाही त्यात हात असल्याचं संशोधक सांगतात.

जी मिळते, तीही सगळी ताटात येत नाही. बरीचशी कारखान्यात जाते. तिथे तेल निघतं, उरलेल्याची भुकटी होते, आणि ती भुकटी तळ्यातल्या कोळंबीला घालतात. कोळंबी मग पाहुण्यांसाठी.