कामाइताची नो योरू: चेहरे नसलेल्यांची रात्र

[बर्फाचा उतार. दोन निळ्या आकृत्या.]

पुढे आहे ती मारी. सराईतपणे वळणं घेत खाली येतेय. मागून धडपडत येतोय तो तोरू. कॉलेजातला पोरगा, मारीवर छाप पाडायला आलाय आणि बर्फात तोंडावर आपटतोय. दोघांना नाक नाही, डोळे नाहीत, अंगातल्या जाकिटाला बटणसुद्धा नाही. नुसता निळा आकार. मागचं बर्फ मात्र खऱ्या फोटोतलं.

हा गेम जपानमध्ये २५ नोव्हेंबर १९९४ रोजी सुपर फॅमिकॉमवर, म्हणजे निन्टेंडोच्या कन्सोलवर, आला. नाव 'कामाइताची नो योरू', म्हणजे कामाइताचीची रात्र. कामाइताची हा जपानी समजुतीतला, वाऱ्यातून येऊन कापणारा प्राणी. काढला चुनसॉफ्टने. 'ड्रॅगन क्वेस्ट'चे पहिले पाच भाग घडवणारी हीच कंपनी. तलवारी आणि राक्षसांत इतकी वर्षं घालवल्यावर तिचा संस्थापक कोइची नाकामुरा याला असा गेम हवा होता, जो आयुष्यात कधी गेम न खेळलेलं माणूसही हातात घेईल. १९९२ मध्ये त्याने 'ओतोगिरिसो' काढला: पडद्यावर गोष्ट, मागे चित्र, कानात आवाज. या प्रकाराला चुनसॉफ्टने 'साउंड नॉव्हेल' असं नाव दिलं. दुसऱ्या खेपेला लिहायला बोलावला तो थेट रहस्यकथालेखक. ताकेमारू आबिको, क्योटो विद्यापीठाच्या मिस्टरी क्लबात तयार झालेला.

[पडदा जवळून. अक्षरं एकेक करून उमटतात.]

इथे जरा थांबू. मजकूर खालच्या चौकटीत कोंबलेला नाही. पुस्तकाच्या पानासारखा तो अख्खा पडदा व्यापतो, फोटोच्या अंगावरच छापल्यासारखा. आणि हा आवाज ऐका. वारा. मग बराच वेळ काहीच नाही. मग वरच्या मजल्यावर काच फुटते.

गोष्ट तशी ओळखीच्या वाटेने सुरू होते. मारीच्या काकांचं डोंगरातलं छोटेखानी हॉटेल, ज्याला जपानी लोक पेन्शन म्हणतात. मोजकी पाहुणेमंडळी. त्यात तीन मैत्रिणी, एक फोटो काढत हिंडणारा गृहस्थ, आणि ठसक्यात ओसाकाची बोली बोलणारा एक धंदेवाला, बायकोसकट. बाहेर हिमवादळ, रस्ता बंद. त्या तिघींच्या खोलीत चिठ्ठी सापडते: आज रात्री बारा वाजता कोणीतरी मरणार. काच फुटल्यावर सगळे वर धावतात. खोलीत मृतदेह आहे, तुकडे केलेला.

[पर्यायांची यादी. कर्सर वर, खाली, पुन्हा वर.]

आता खेळ आपल्या हाती. पर्याय साधेच असतात. काय बोलायचं, कुणाबरोबर जायचं, कुठल्या दाराकडे वळायचं. काही तर निव्वळ टवाळीचे. पण एका जागी यादी संपते आणि रिकामी जागा समोर येते: खुनी कोण, नाव लिहा. चार नावं देऊन एकावर खूण करा, असला प्रकार नाही. अक्षर अक्षर वेचून आपणच लिहायचं. माझ्या मते या गेमची खरी हुशारी या एका पडद्यात आहे. तर्क जुळला नसेल तर अंदाजपंचे इथे फार काळ चालत नाही.

नाव वेळेत बरोबर आलं, तर मेला तो एकटाच. चुकलं, तर गेम 'चूक' म्हणत नाही, परत मागेही नेत नाही. गोष्ट पुढे चालूच राहते. रहस्यकथा हळूहळू स्लॅशर होते. एकेक जण कमी होतो, उरलेले एकमेकांपासून दोन पावलं लांब उभे राहू लागतात. एका शेवटात तर मारीच तोरूला खुनी समजते आणि स्कीची काठी त्याच्या अंगात खुपसते. वाचणाऱ्याला माहीत असतं की तोरूने काही केलेलं नाही. मारीला कसं कळणार? तिच्यासमोरही एक निळी आकृतीच आहे.

खरा खुनी इथे सांगत नाही. तीस वर्षं झाली म्हणून काय झालं.

[जुनं चित्र: भोवऱ्यात गरगरणारा प्राणी.]

हा कामाइताची. तोरियामा सेकिएन या चित्रकाराने १७७६ मध्ये काढलेला. बर्फाळ मुलुखातली समजूत अशी, की वाऱ्याच्या झोतासरशी पायाला चीर पडते, दुखत नाही, रक्तही नाही. हिदा भागात तर सांगतात की ते तिघं असतात: पहिला पाडतो, दुसरा कापतो, तिसरा औषध लावून पसार होतो.

[हाकुबा, नागानो. लाकडी पेन्शन, छपरावर बर्फ.]

आणि हे गेममधलं पेन्शन. खरोखरीचं. नाव क्नुल्प. इथलेच फोटो गेममध्ये गेले. १९९८ च्या हिवाळी ऑलिंपिकमधल्या स्की शर्यती याच हाकुबात झाल्या, पण काही चाहते इथे येतात ते जिना आणि बैठकीची खोली बघायला.

[मोबाइलचा पडदा. इंग्रजी मजकूर.]

इंग्रजीत गेम आला २०१४ मध्ये, फोनवर. अ‍ॅक्सिस कंपनीने नुसती भाषा बदलली नाही, अख्खं हॉटेल उचलून कॅनडात नेलं. तोरूचा झाला मॅक्स, मारीची ग्रेस. आणि कामाइताचीच्या जागी आली बॅन्शी. बॅन्शी आयर्लंडची, मरण जवळ आलं की आक्रोश करणारी. ती कुणाला कापत नाही. तुकडे झालेला मृतदेह आणि डोंगरातला वारा यांना जोडणारा दुवा तिथेच तुटला. मांडणी शाबूत, पण हाकुबाचं गारठलेपण गेलं. अनुवादकाचा हेतू समजतो: परदेशी वाचकाला घरचं वाटावं. पण या गोष्टीत कुणालाही घरचं वाटता कामा नये.

[२०१७ ची आवृत्ती. रंगीत अ‍ॅनिमे चेहरे.]

जपानने स्वतः तरी काय केलं? २०१७ च्या 'रिन्ने साइसेइ' या नव्या आवृत्तीत मजकूर जपानीच राहिला, निळ्या आकृत्या गेल्या. सगळ्यांना रेखीव चेहरे, टपोरे डोळे. र्युकिशी०७ या लेखकाकडून जादा प्रकरणही लिहून घेतलं. जुने चाहते चेहऱ्यांवरच नाराज झाले, आणि त्यांचं बरोबर होतं. भेदरलेली मारी कशी दिसते हे एकदा काढून दाखवलं की तिच्यावर संशय घ्यायचा की नाही, हे चित्रकाराने ठरवलेलं असतं.

२०२४ मध्ये, तीस वर्षांच्या निमित्ताने, मालिकेतला जुना तिसरा भाग नव्या कन्सोलवर पुन्हा निघाला.