दोन अंक उरले पाहिजेत

(फोंडा येथे वाचकांच्या मेळाव्यात, मासिकांच्या वितरण कंपनीत अनेक वर्षे काम केलेल्या एका महिला कर्मचाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप.)

नमस्कार मंडळी.

मासिकं वाटणाऱ्या कंपनीत माणसं रमतात ती कशामुळे, हा विषय मला दिलाय. विषय देणाऱ्यांनी सौजन्य दाखवलं म्हणायचं. एरवी मला विचारतात ते, "अजून चालतं का ते तुमचं?" चालतं. पूर्वीसारखं नाही, पण चालतं.

गोव्यात छापील कागदाबद्दल कोणी बोलायला उभं राहिलं की १५५६ साली भारतातला पहिला छापखाना जुन्या गोव्यात आला, हे सांगायची रीत आहे. सांगितलं, रीत पाळली. पण छापलेला कागद वाचणाऱ्याच्या हातात कोण नेऊन देतं, हे कुठल्याच भाषणात येत नाही. ती माणसं आम्ही. मुंबई-पुण्याहून गठ्ठे येतात, ते आम्ही उतरवतो, फोडतो, पेडण्यापासून काणकोणपर्यंत स्टॉलवर पोचवतो, आणि उरलेले परत आणतो. या शेवटच्या कामात खरी मजा आहे, त्यावर येतेच.

आधी एक गैरसमज काढते. लोकांना वाटतं, तिथे काम म्हणजे फुकट वाचायला मिळतं, म्हणून माणसं टिकतात. नव्या मुलांनाही तसंच वाटतं. पहाटे माल आला की वाचायला सवड कोणाला आहे? आम्ही अंकावर पाहतो त्या गोष्टी तीन: तारीख, किंमत आणि पुरवणी आत आहे की बाहेर. मुखपृष्ठावर शांपूची पुडी चिकटवलेला अंक आला की आमच्याकडे सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, कारण त्या पुडीमुळे गठ्ठा सरळ बसत नाही. वाचन होतं ते नंतर, आणि तेही शिळं. पूर्वी बऱ्याच प्रकाशकांची पद्धत अशी होती, की न खपलेला अख्खा अंक परत पाठवायचा नाही, नुसतं मुखपृष्ठ फाडून पाठवायचं. परतीच्या पार्सलचा खर्च वाचतो. मुखपृष्ठ गेलेला अंक विकायचा नसतो, तो रद्दीत जायचा, आणि रद्दीत जाण्याआधी त्यातले काही कोणाच्या ना कोणाच्या पिशवीतून घरी. 'चांदोबा' मराठीत १९५२ पासून निघायचा. आमच्याकडल्या कितीतरी घरांतली मुलं विक्रम-वेताळ वाचत मोठी झाली, पण वड्डादि पापय्यांची ती झगझगीत मुखपृष्ठं त्यांनी कधी पाहिलीच नाहीत. ती हिशेबाला लागलेली असायची ना!

तर फुकट वाचन हे कारण नव्हे. मग काय?

गोदामातल्या माणसांना विचाराल तर ती गठ्ठा दाखवतील. मासिकाचा अंक पाठीकडे जाड असतो, तिथे पिना असतात. सगळ्या पाठी एकाच बाजूला ठेवल्या तर चार वीत उंचीचा गठ्ठा एका अंगाला झुकतो आणि टेम्पोत आडवा होतो. म्हणून थोडे अंक पाठ इकडे, थोडे अंक पाठ तिकडे, असे रचायचे. मोजायचं ते कोपऱ्यावर अंगठा फिरवून, पाच-पाचाच्या झपक्यात. वर-खाली जाड कागद, मग सुतळी, आणि गाठ अशी की बांधताना घट्ट बसली पाहिजे आणि स्टॉलवाल्याने एक टोक ओढलं की सुटली पाहिजे. पहाटे त्याच्या हाताशी कात्री नसते, दातांनी सुतळी तोडणारा स्टॉलवाला दिवसभर आपल्याला शिव्या घालतो. आमच्याकडे एक गृहस्थ होते, निवृत्त झाले आता, त्यांची गाठ लांबूनच ओळखू यायची. कोणी शिकवा म्हटलं की म्हणायचे, "बघ आणि बांध." त्यांना त्या गाठीचा जेवढा अभिमान होता तेवढा पगाराचा कधी दिसला नाही. पगार तसा अभिमान वाटण्याजोगा नव्हताच म्हणा.

मी स्वतः हिशेबाच्या टेबलावर लागले आणि पुढे वाटपाच्या टेबलावर आले. वाटप म्हणजे कुठल्या स्टॉलला कुठल्या मासिकाचे किती अंक पाठवायचे ते ठरवणं. माझ्या मते या धंद्यातलं सगळ्यात रंगतदार टेबल तेच, आणि माणसं इथे का अडकून पडतात याचं उत्तरही तिथेच आहे.

मासिकाचा व्यवहार बिस्किटांसारखा नसतो. किराणावाल्याने माल घेतला, पैसे दिले, विषय संपला, असं इथे नाही. स्टॉलवाला वीस अंक घेतो, तेरा विकतो, सात परत देतो, बिल तेराचं. म्हणजे सात अंकांचा कागद, छपाई, वाहतूक सगळी वाया. पुढच्या महिन्याला वीसच पाठवायचे की पंधरा? पंधरा पाठवले आणि सोळावा माणूस हात हलवत परत गेला, तर तो पुढच्या महिन्याला येईल का? हा हिशेब प्रत्येक मासिकाचा, प्रत्येक स्टॉलचा, दर अंकाला नव्याने. साप्ताहिक असेल तर दर आठवड्याला. आणि मालाला तारीख आहे. नवा अंक आला की जुना त्याच सकाळी रद्दी.

नव्या माणसाला वाटतं, परती शून्य आली म्हणजे आपण जिंकलो. मीही नव्या मुलांच्या कागदावर ते शून्य बघते आणि विचारते, "सगळे खपले, मग आणखी किती खपले असते?" त्याला उत्तर नसतं. कोणाकडेच नसतं. शून्य परतीचा स्टॉल काहीच सांगत नाही, मागून मागून किती जण रिकाम्या हाती गेले ते कळायला मार्ग नाही. स्टॉलवर महिन्याच्या शेवटी एक-दोन अंक उरले पाहिजेत. दोन उरले की समजायचं, ज्याला हवा होता त्या प्रत्येकाला मिळाला, आणि वाया फार गेलं नाही. महिनाअखेरीला परतीचे कागद समोर आले आणि एका ओळीत स्टॉलमागून स्टॉल एक, दोन, दोन, एक असे आकडे दिसले की जो आनंद होतो, तो बाहेरच्या माणसाला समजावून सांगणं कठीण. आमच्याकडे त्या दिवशी चहाबरोबर भजी मागवली जातात, एवढं सांगते.

असा अंदाज बसायला गाव कळावं लागतं. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आठवड्यात गोव्यात मासिक पाठवणं म्हणजे परतीचं ओझं वाढवणं. त्या आठवड्यात माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची सजावट, सोडून कोणाचं डोकं कशात नसतं. मे महिन्यात मुंबईची मुलं आजोळी आली की मुलांचे अंक वाढवायचे, शाळा उघडली की कमी करायचे. सरकारी भरतीची जाहिरात आली रे आली, की स्पर्धा परीक्षांची मासिकं डिचोली-वाळपईकडे जास्त पाठवायची. किनाऱ्याकडच्या स्टॉलवर इंग्रजी पाक्षिकं पर्यटकांच्या मोसमात चालतात आणि जूनमध्ये थंडावतात. चर्चजवळच्या स्टॉलचा रविवार वेगळा, मिस्स, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, सुटल्यावर तासाभरात आठवड्याची विक्री होते. रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या कोंकणीतला 'वावराड्यांचो इश्ट' १९३३ पासून निघतो, मराठी साप्ताहिकं आहेत, 'गोवा टुडे'सारखं इंग्रजी मासिक १९६६ साली इथेच सुरू झालं. एकाच रस्त्यावरच्या दोन स्टॉलवर दोन वेगळी गावं वाचत असतात. ही माहिती कुठल्या पुस्तकात नाही, ती परतीच्या कागदावर आहे.

पण कागदावर आकडाच असतो, कारण नसतं. कारण आणतो तो लाइनवरचा माणूस, म्हणजे आमचा टेम्पोचालक. एका तालुक्याच्या गावातला स्टॉल, बायकांच्या मासिकांची परती एकदम दुप्पट झाली. मी म्हटलं, कमी करू या. चालक म्हणाला, "थांबा बाई, रस्त्याचं काम चाललंय. बसथांबा पलीकडे नेलाय. बायका पलीकडे उभ्या राहतात." पलीकडे एक पानवाला होता. चालकानेच त्याच्याशी बोलून थोडे अंक त्याच्याकडे ठेवले. पहिल्या स्टॉलवाल्याची समजूत काढणं हे निराळंच प्रकरण झालं, ते इथे नको. रस्ता झाला, थांबा परत आला, आणि पानवाल्याकडचं गिऱ्हाईक आता हटेना. म्हणजे एका खणलेल्या रस्त्याने आम्हाला एक स्टॉल मिळवून दिला! आमच्या चालकांना एखाद्या दुकानाचा मालक बदलला, शाळेची वेळ बदलली, नवी बस सुरू झाली, हे पंचायतीच्या आधी कळतं. आणि ते कंपनीत येऊन सांगितल्यावर त्यावरून आकडा बदलतो. आपण सांगितलेलं कोणी ऐकतं, त्यावर काही ठरतं, हे सुख किती नोकऱ्यांत आहे? मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी पगार, सुट्टी, साहेब सगळं बाजूला ठेवून या ना त्या शब्दांत हेच सांगितलं.

माल पोचवण्याच्या कथा जुन्या लोकांकडे भरपूर. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, त्याआधी मुंबईहून रेल्वेने यायचं तर मिरज-लोंढ्याचा वळसा. म्हणून गठ्ठे रात्रीच्या बसच्या टपावर, ताडपत्रीखाली. पावसाळ्यात घाट बंद झाला की सगळे टेलिफोनशी. १९८६ च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा म्हापशाचे गठ्ठे फेरीबोटीतून माणसांच्या पायांत ठेवून न्यायचे, असं आमचे थोरले सांगायचे. सांगताना त्यांच्या तोंडावर तक्रार नसायची, उलट रंगून सांगायचे.

आता दिवाळी. दिवाळी अंकांची प्रथा १९०९ साली 'मनोरंजन'ने घातली. संपादक काशीनाथ रघुनाथ मित्र, मूळ आडनाव आजगावकर, म्हणजे पेडण्याची हद्द ओलांडली की त्यांचं गाव. त्यांनी हे सुरू केलं आणि आमची दिवाळी कायमची गेली, असं आम्ही दरवर्षी म्हणतो. वर्षभर मोजून मापून येणारा माल त्या पंधरवड्यात एकदम अंगावर येतो. त्यातच 'कालनिर्णय'चे गठ्ठे, ते तर १९७३ पासून प्रत्येक घराच्या भिंतीवर. दिवाळी अंकाला मागच्या महिन्याची परती नसते, मागच्या वर्षीची असते, आणि मागच्या वर्षीचा लेखक या वर्षी असेलच असं नाही. तिथे आमच्या अंदाजाची खरी परीक्षा. एक अंक दरवर्षी उशिरा येतो, नाव सांगत नाही. एका वर्षी तो ऐन नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री आला. पणजीत चौकाचौकात नरकासुराचे पुतळे उभे, गाण्यांचा दणदणाट, रस्ते माणसांनी भरलेले, आणि मधोमध आमचा टेम्पो. पुढे जाता येईना, मागेही येता येईना. शेवटी नरकासुर उभा करणाऱ्या मुलांनीच गठ्ठे डोक्यावर घेऊन गल्लीतून स्टॉलपर्यंत पोचवले. मोबदल्यात त्यांनी काय मागितलं? परतीची रद्दी, पुढच्या वर्षीच्या नरकासुरावर चिकटवायला. दिली. तेव्हापासून त्या मंडळाचा नरकासुर मासिकांच्या पानांचा असतो. सांगाड्यावर पाककृती, राशिभविष्य, लग्नाच्या जाहिराती.

तोट्याची बाजू झाकायची नाही. स्टॉल कमी झालेत. २०२० च्या टाळेबंदीत बंद झालेले काही पुन्हा उघडलेच नाहीत. काही मासिकांनी छापणं थांबवलं, 'लोकप्रभा'सारखं घराघरातलं साप्ताहिकही. आमची दोन पोरं घरपोच सामान पोचवणाऱ्या कंपनीत गेली, तिथे पैसे बरे मिळतात. त्यातला एक मधूनमधून येऊन बसतो. त्याला विचारलं, तिथे कसं वाटतं? म्हणाला, "मोबाइल सांगतो कुठे जायचं, मी जातो. मला कोणी काही विचारत नाही." पगार सोडून परत ये, असं मी त्याला सांगणार नाही, घर चालवायचंय त्याला. पण तो आला की सरळ माझ्या टेबलाशी येतो आणि परतीचे कागद चाळतो. "कुडचड्याचे कमी करा," म्हणतो. बहुधा बरोबर असतं त्याचं.

शेवटी एक कामाची गोष्ट. समोर ग्रंथालयांचे बरेच पदाधिकारी बसलेत. तुम्ही दिवाळी अंकांची यादी दरवर्षी वसुबारसेच्या दिवशी आणून देता आणि म्हणता, "यातले सगळे पाहिजेत." तोवर मुंबईला आमची मागणी जाऊन महिना झालेला असतो. या वर्षी यादी दसऱ्याआधी द्या. आणि ज्या अंकाला तुमच्याकडे गेल्या वर्षी कोणी हात लावला नाही, त्याच्यापुढे तसं लिहा. लाजू नका, तेही आम्हाला कळायला हवं असतं.