डिस्क आतल्या खोलीत, टीव्ही बाहेरच्या खोलीत

मागपर्यंत ऐकू येतंय ना? बरं. तर आजचा विषय तुम्हाला माहितीये, घरातल्या घरात व्हिडिओ बघायचे तर एसएमबी वापरायचं, एनएफएस वापरायचं की डीएलएनए. हे तिन्ही प्रोटोकॉल, म्हणजे एका यंत्रावरचा व्हिडिओ घरातल्या नेटवर्कवरून दुसऱ्यावर बघायचे मार्ग. साडेआठला हॉल सोडायचाय, पण प्रोटोकॉलवर यायच्या आधी मला एका गोष्टीबद्दल बोलायचंच आहे, गेले कित्येक महिने ती मला छळतेय, आणि ती म्हणजे इंटरनेटचा प्लॅन.

कोथरूडला माझी मावशी राहते. काकांनी घरातल्या जुन्या हँडीकॅमच्या सगळ्या मिनीडीव्ही कॅसेट्स, म्हणजे लग्नं, मुंजी, सोसायटीचा गणपती, आजीची पंचाहत्तरी, सगळं हौसेनं हार्ड डिस्कवर उतरवून घेतलं. तासाच्या एका कॅसेटचे साधारण १३ जीबी होतात हे इथे बऱ्याच जणांना माहीत असेल. डिस्क लावली आतल्या खोलीतल्या राउटरच्या यूएसबीला, टीव्ही बाहेरच्या खोलीत, त्याला अँड्रॉइड बॉक्स आणि त्यावर कोडी हे व्हिडिओ लावायचं अ‍ॅप. सगळं बरोबरच केलं होतं की. आणि अंतरपाट धरलाय, मंगलाष्टकं चाललीयेत, अन् बरोबर तिथे गोल चक्कर फिरायला लागतं. मावशी म्हणाली, ‘अरे, सावधान होतच नाहीये लग्न.’

आता ऐका. काकांनी इंटरनेटवाल्यांना फोन केला, तिकडच्या मुलानं सांगितलं, प्लॅन वाढवा. वाढवला. जैसे थे. मग त्यांनी सांगितलं अजून वरचा घ्या, तोही घेतला, वर्षाचे पैसे आगाऊ भरून. आणि एकाही माणसानं हा प्रश्न विचारला नाही की काका, ती फाइल आहे कुठे? फाइल आतल्या खोलीत, बघणार बाहेरच्या खोलीत, त्यात इंटरनेट येतंच कुठे? राउटरची बाहेरची वायर उपटून टाकली तरी ते लग्न दिसायला पाहिजे! घरातला टाकीपासून नळापर्यंतचा पाइप बारीक आहे आणि आपण कॉर्पोरेशनकडे जास्त पाण्यासाठी अर्ज करतोय, असा प्रकार झाला. निवृत्त माणसाचे पैसे असे गेले याचा मला खरंच राग आहे, आणि तुमच्या ओळखीत कुणाला असा सल्ला मिळाला तर कृपा करून मधे पडा.

आकडे बघा ना. १३ जीबी एका तासात म्हणजे सेकंदाला साधारण तीस मेगाबिट. फार नाही. पण बॉक्स होता २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर, मधे दोन जाड भिंती, आणि आपल्याकडच्या बिल्डिंगमध्ये फोनवर वायफायची यादी उघडली तर वरच्या खालच्या शेजारच्या सगळ्यांची नावं दिसतात, ती सगळी त्याच दोन-चार चॅनलवर गर्दी करून बसलेली असतात. तिथे सलग तीस मेगाबिट मिळणं मुश्किल. तपकीर गल्लीतून केबल आणली, पॅसेजच्या कडेनं टाकली, लग्न लागलं.

तिथेच संपलं असतं, पण मग नातवाची मुंज लावली. ती चांगल्या कॅमेऱ्यावर फोर-केमध्ये शूट केलेली, १०० मेगाबिटची. परत अडखळायला लागली. बॉक्सच्या नेटवर्कच्या पानावर बघितलं तर लिंक स्पीड १००. राउटर गिगाबिट, बॉक्स गिगाबिट, मग १०० कुठून आलं? केबलचं टोक हातात घेऊन खिडकीपाशी उजेडात धरलं, त्या पारदर्शक प्लगमधून तारा दिसतात, आठ असायला हव्यात, नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा जोड्यांनी. निळी आणि तपकिरी जोडी प्लगच्या आधीच कापून मागे दुमडलेली! क्रिंप करणाऱ्यानं, म्हणजे प्लग दाबून बसवणाऱ्यानं, चारच तारा लावल्या होत्या. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात, आणि दोनच मिळाल्या तर उपकरणं गुपचूप १०० वर येतात, काही तक्रार करत नाहीत. आठ तारांनी टोक परत क्रिंप केलं, प्रश्न मिटला. घरी गेल्यावर तुम्ही आपापलं टोक बघा, सांगून ठेवतो. आणि हेही बघा की कितीतरी टीव्हींचं स्वतःचं लॅन पोर्टच १०० मेगाबिटचं असतं, तिथे केबल कितीही भारी आणली तरी उपयोग नाही, त्यापेक्षा पाच गिगाहर्ट्झचं वायफाय बरं पडतं.

पण मला खरा संताप आला तो पुढच्या गोष्टीचा. काकांना तीच डिस्क विंडोजच्या लॅपटॉपवरही हवी होती, ती दिसेना. राउटर जुना, त्याच्या यूएसबी शेअरिंगला एसएमबीची पहिली आवृत्तीच येते. मदतकेंद्रातून उत्तर आलं, कंट्रोल पॅनेलमध्ये जा आणि एसएमबी वन चालू करा. इतकं सहज! मे २०१७ मधलं वॉनाक्राय, ते फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं, आठवतंय ना? ब्रिटनची हॉस्पिटलं बंद पडली, आपल्याकडेही कॉम्प्युटर अडकले. ते पसरलं ते याच एसएमबी वनमधल्या भोकातून, आणि मायक्रोसॉफ्टनं दुरुस्ती मार्चमध्येच दिलेली होती. त्याच वर्षापासून त्यांनी ते विंडोजमधून काढायला घेतलं. आणि इकडे सत्तरीतल्या माणसाला फोनवरून ते परत चालू करायला सांगतायत, लग्नाचा व्हिडिओ दिसावा म्हणून. नाही करायचं. राउटरची यूएसबी सोडून द्या, डिस्क एखाद्या जुन्या लॅपटॉपला नाहीतर रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला लावा आणि तिथून शेअर करा. पाय घेणार असाल तर ४ किंवा नंतरचा, कारण मूळ ३ ला लॅन १०० चंच आहे.

काय? दहा मिनिटं? अरे बापरे. बरं, पटापट घेतो.

घरात विंडोज, मॅक, फोन, टीव्हीचा बॉक्स अशी सरमिसळ असेल तर एसएमबी, डोळे झाकून. पण दुसरी किंवा तिसरी आवृत्ती. दुसरी व्हिस्टाबरोबर २००६ मध्ये आली आणि त्यात शंभरावर कमांड्स होत्या त्या १९ वर आणल्या, त्यामुळे ‘एसएमबी फार बडबड करतं, स्लो आहे’ हे जे अजून ऐकू येतं ते पहिल्या आवृत्तीचं गाऱ्हाणं आहे. लिनक्सवर एसएमबीसाठी सांबा हे सॉफ्टवेअर टाकायचं. हे सांबा अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात सुरू केलं, हातात कागदपत्रं नसताना, नेटवर्कवरून जाणारी पाकिटं वाचून वाचून, मला त्या माणसाबद्दल विलक्षण आदर आहे, पण राहू दे, वेळ नाही. कोडीच्या सेटिंगमध्ये एसएमबीची कमीत कमी आवृत्ती ठरवता येते, ती दोन करून ठेवा.

एनएफएस, सन मायक्रोसिस्टिम्सचं, १९८४ चं. डिस्क लिनक्सवर आणि बघणारा कोडी, एवढंच असेल तर हे घ्या. हलकं आहे, कमी ताकदीच्या बॉक्सवर छान चालतं, मोठ्या फाइलमध्ये पुढे मागे उडी मारली की लगेच सुरू होतं. पण घरी आपण साधारणपणे जसं लावतो तसं ते पत्ता बघून आत सोडतं, पासवर्ड विचारत नाही, म्हणून एक्स्पोर्ट करताना, म्हणजे डिस्क असलेल्या कॉम्प्युटरवर फोल्डर शेअर करायची ओळ लिहिताना, फक्त घरातले आयपी पत्ते द्या. कोडीसाठी त्या ओळीत ‘इनसिक्युअर’ असा पर्याय टाकावा लागतो, घाबरू नका, त्याचा अर्थ एवढाच की १०२४ च्या वरच्या पोर्टवरून आलेली मागणी चालेल. विंडोजच्या होम आवृत्तीत मात्र एनएफएस क्लायंट नाही, तिथे विषय संपला.

डीएलएनए म्हणजे फाइल शेअरिंग नव्हेच. त्यात फोल्डर मिळत नाही, सर्व्हर, म्हणजे फाइल देणारं यंत्र, यादी देतो आणि टीव्हीला पेलेल ते टीव्ही वाजवतो. मिनीडीव्हीच्या फाइल बरेच टीव्ही घेत नाहीत, वेगळी सबटायटलची फाइल असेल तर ती दिसेलच असं नाही. ती संघटनाही २०१७ मध्ये विसर्जित झाली. टीव्हीला बॉक्स लावायचाच नसेल तरच हे, आणि तेव्हाही मी जेलीफिन हा मीडिया सर्व्हर बसवा म्हणेन, ते फाइल टीव्हीला झेपेल अशी बदलून देतं, फक्त सर्व्हरला त्यासाठी दम लागतो. एसएफटीपी, वेबडॅव्ह हे आणखी दोन मार्ग बाहेरगावाहून बघायचं असेल तर, घरात नको.

आणि काहीही निवडा, टीव्हीला दिलेला शेअर रीड-ओन्ली, म्हणजे फक्त बघण्यापुरता, ठेवा. कोडीमध्ये फाइल डिलीट करायची सोय चालू केलेली असली तर रिमोट पोरांच्या हातात असताना मुंज उडायला वेळ लागत नाही, आणि मूळ कॅसेटला तोवर पावसाळ्यात बुरशी धरलेली असते. लिहायचा हक्क फक्त काकांच्या लॅपटॉपला, वेगळ्या युजरनं.

हॉलवाले आलेत. ज्यांना सांबाची आणि एक्स्पोर्टची ओळ लिहून हवीये त्यांनी फळ्यापाशी या, पुसायच्या आधी फोटो काढून घ्या.