चमचा आणि सलाईन

जुलाबाने बेजार मुलाच्या पोटावरचा हा चिमटा पाहा. बेंबी आणि कूस यांच्या मधोमध कातडी उभी उचलली, सोडली. दोन सेकंद उलटले तरी घडी मोडलेली नाही. डोळे खोल गेलेले, मूल ग्लानीत. यांतली दोन लक्षणं एकत्र दिसली तरी निर्जलीकरण, म्हणजे अंगातलं पाणी कमी होणं, तीव्र समजायचं. रिंगर लॅक्टेट हे क्षारांचं सलाईन सुरू होतं, वजनाच्या दर किलोला 100 मिली. वर्षाच्या आतल्या बाळाला त्यातलं 30 पहिल्या तासात, 70 पुढच्या पाच तासांत. त्याहून मोठ्याला 30 अर्ध्या तासात, 70 अडीच तासांत. मनगटाची नाडी तरीही नीट लागेना, तर पहिला हप्ता पुन्हा. नुसत्या ग्लुकोजची बाटली इथे कुचकामी, तिच्यात सोडियमच नाही. कुपोषित मुलाला मात्र हे गणित लावू नये: त्याची सैल कातडी फसवते आणि वेगाने गेलेलं सलाईन हृदयाला झेपत नाही.

शेजारच्या खाटेवरचं मूल किरकिरतंय, पेल्यावर झडप घालतंय. याला सुई कशाला? ओआरएस, म्हणजे तोंडाने द्यायचं क्षार-साखरेचं पाणी, किलोला 75 मिली, चार तासांत. दहा किलोच्या मुलाला पाऊण लिटर.

पुडी फुटते. लिटरभर पाण्यासाठी मीठ 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5, पोटॅशियम क्लोराइड 1.5, सायट्रेट 2.9. यातलं ग्लुकोज ताकदीसाठी नाही. आतड्याच्या पेशीत शिरताना ते सोडियमला सोबत नेतं आणि त्यांच्यामागोमाग पाणी जातं. जुलाब चालू असतानाही ही वाट बहुतेक शाबूत असते. घोळ होतो तो पेल्यात. अख्खी पुडी एकाच पेल्यात कालवली की द्रावण दाट होतं, पाणी उलट आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात.

उलटी झाली. दहा मिनिटं थांबायचं, मग दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. काम चिकाटीचं, म्हणूनच गर्दीच्या वॉर्डात हात आधी सलाईनकडे जातो.

शौचात रक्त असेल तर जुलाब रोखणारी गोळी नको. लहान मुलांना ती कधीच नको. अँटिबायोटिक मुख्यतः रक्ती हगवणीला आणि तीव्र कॉलऱ्याला. अंगातलं पाणी भरून काढायला उशीर झाला तर मूत्रपिंडं बंद पडू शकतात.

चार तासांनी पुन्हा चिमटा. घडी लगेच विरली, लंगोट ओला. पापण्या सुजल्या असत्या तर ओआरएस थांबवावं लागलं असतं. अंगावरचं दूध चालूच. जस्ताची गोळी 10 ते 14 दिवस. घरी नेताना पुड्या सोबत: दर पातळ शौचानंतर दोन वर्षांखालच्याला 50 ते 100 मिली, मोठ्या मुलाला 100 ते 200.