हात कुठं थांबवायचा
(सांगलीतील एका व्याख्यानाचं शब्दांकन)

मला चाळीस मिनिटं दिली होती, त्यातली पंधरा सत्कारात गेली. नारळ चांगला आहे, तक्रार नाही.

विषय मध्यकर्णात बसवायच्या श्रवणयंत्रांचा. पण आधी मिरजेला जाऊन येऊ. सतारमेकर गल्लीत एका चाचांकडं मी तंबोरा जवारीला, म्हणजे तारेचा नाद खुलवून घ्यायला, नेला होता. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस दोनदा फिरवायची, तार छेडायची, कान लावायचा. परत कानस. अर्धा तास हेच. मी घड्याळ बघायला लागलो, सर्जनची खोड! ते म्हणाले, "डॉक्टर, घासायला कुणालाबी येतंय. जास्त घासलं तर ते परत भरून येत नाही." मग तारेखाली सुताचा दोरा सरकवला, ज्याला आपण जीव म्हणतो तो. जरा अलीकडं, तार मुकी. जरा पलीकडं, मुकीच. मध्ये एका जागी ती अशी बोलली, की समोरच्या दुकानातला पोरगा वळून बघायला लागला.

आता कान. हातोडी, ऐरण, रिकीब शाळेत पाठ केलेलं असतंय. 1996 साली झुरिचमध्ये पहिल्यांदा बसवलेल्या यंत्रात ऐरणीच्या लांब दांड्यावर एक कंपक, म्हणजे आवाजाबरोबर थरथरणारा बारका तुकडा, अडकवतात. लांबी 2.3 मिलिमीटर, वजन 25 मिलिग्रॅम. तांदळाचा दाणासुद्धा याच्यापुढं लांबडा. पकड सैल राहिली तर कंपन पुढं जात नाही. आवळली तर रक्तपुरवठा तुटून दांडाच झिजतो. चाचांचा जीव तो हाच.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणे. बरं, पळत सांगतो.

कंपकापर्यंत जायची वाट कानामागच्या हाडातून. एका बाजूला चेहऱ्याची नस, दुसऱ्या बाजूला चवीची, मधली फट जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. म्हणून आधी सीटी स्कॅन, आणि तो सर्जननं स्वतः बघायचा, नुसता रिपोर्ट नाही. ड्रिलची उष्णता नसेला भाजते, पाण्याची धार सोडायची नाही. ड्रिल हाडांच्या साखळीला टेकलं तर हादरा थेट आतल्या कानात, राहिलेलं ऐकू येणंही जायचं. चेहऱ्याच्या नसेला धक्का लागला की इशारा देणारा मॉनिटर लावला, पण स्नायू सैल करणारं औषध उतरलेलं नसेल तर तो गप्पच बसणार, आणि आपण समजणार सगळं ठीक. भूलतज्ज्ञांशी आधीच बोला.

चवीची नस माझ्याकडून एकदा दुखावली. वेगळ्याच ऑपरेशनात, तरुणपणी. पेशंट तिसऱ्या दिवशी म्हणाले, "भडंगाला कसलीच चव नाही हो." मी आधी सांगितलंच नव्हतं. आता पहिल्या भेटीत सांगतो.

वाहणारा कान आधी कोरडा करा. कानामागची चामडी जाड असेल तर यंत्राचा बाहेरचा भाग धरून ठेवणारं चुंबक पकड घेत नाही, चुंबक जोरकस लावलं तर जखम होते. पूर्ण आत बसणाऱ्या एका यंत्रासाठी तर ऐरणीचा तुकडाच कापतात. यंत्र काढलं तरी कान पहिल्यासारखा होत नाही. ही गोष्ट सहीच्या कागदावर नको, समोर बसवून सांगा, मुलासुनेसकट.

दुसरी चिठ्ठी. एमआरआयचं राहिलंच. ज्यांच्या कानात यंत्र आहे त्यांनी एमआरआयच्या आधी दाखवायचं यंत्राचं कार्ड पाकिटात ठेवा, कपाटात नको. बाकीचं चहाला विचारा, फक्त माझ्या उजव्या बाजूला उभं राहा.